प्रसूतिकेंद्र, रुग्णालयसंलग्न
निरोगी गर्भवतीची नैसर्गिक प्रसूती प्रशिक्षित प्रसाविकेच्या जबाबदारीवर, घरगुती वातावरणात आणि शक्य तितक्या कमी वैद्यकीय हस्तक्षेपाने पार पाडण्यासाठी रुग्णालयाच्या इमारतीत किंवा आवारात स्वतंत्रपणे चालविल्या जाणाऱ्या विभागास रुग्णालयसंलग्न प्रसूतिकेंद्र म्हणतात. रुग्णालयापासून दूर असलेल्या अशाच केंद्रास स्वतंत्र प्रसूतिकेंद्र ही संज्ञा आहे. मराठीत ‘प्रसूतिगृह’ हा शब्द बाळंतपणाच्या कोणत्याही लहानमोठ्या रुग्णालयास लावला जातो. प्रस्तुत नोंदीतील प्रसूतिकेंद्र त्याहून वेगळे आहे. तेथे शस्त्रक्रियागृह नसते, प्रसूतिवैद्य नेहमी उपस्थित नसतो व कळा वाढविणारी औषधे शिरेवाटे दिली जात नाहीत. मात्र अडचण उद्‌भवल्यास स्त्रीला विनाविलंब मुख्य प्रसूतिकक्षात हलविण्याची व्यवस्था असते. प्रसाविका म्हणजे प्रसूतिशास्त्राचे पद्धतशीर शिक्षण घेतलेली व नोंदणी झालेली व्यावसायिक होय. केवळ परंपरेने काम शिकलेल्या सुइणीपासून तिचा वेगळा विचार करावा लागतो.

अशा केंद्रात माता अधिक समाधानी असते व तिच्यावर हस्तक्षेप कमी होतात, याविषयी फारसा मतभेद नाही. खरा वाद आहे तो या लाभाची किंमत बाळाला मोजावी लागते काय, याविषयी. गेल्या काही दशकांतील अभ्यासांचा भर मुख्यतः या प्रश्नावर आहे.

इतिहास : अठराव्या शतकात युरोपातील मोठ्या शहरांत सूतिकागारे स्थापन झाली. त्यांत मुख्यतः निर्धन व निराधार स्त्रिया येत. सूतिकाज्वराच्या साथींमुळे ही सूतिकागारे दीर्घकाळ घरापेक्षा अधिक धोक्याची ठरली. व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. १८४६ मध्ये वैद्यकाचे विद्यार्थी शिकत असलेल्या पहिल्या विभागात शेकडा ११.४ बाळंतिणी दगावल्या. सुइणी शिकत असलेल्या दुसऱ्या विभागात हे प्रमाण शेकडा २.८ होते. शवविच्छेदन करून आलेल्या हातांनी संसर्ग वाहून नेला जातो, असे अनुमान इग्नाट्स झेमेलव्हाइस यांनी काढले व १८४७ च्या मे महिन्यापासून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम लागू केला. १८४८ मध्ये पहिल्या विभागातील मृत्युप्रमाण शेकडा १.३ च्या आसपास उतरले. एकाच रुग्णालयातील दोन विभागांची तुलना करून बाळंतपणाच्या व्यवस्थेची पारख करता येते, हे या घटनेने स्पष्ट केले. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या प्रयत्नाने सुरू झालेला प्रसाविका-शिक्षणाचा कक्ष सूतिकाज्वरामुळेच १८६७ मध्ये बंद करावा लागला. त्यानंतर १८७१ मध्ये त्यांनी प्रसूतिसंस्थांतील मृत्यूंचा आकडेवारीसह परामर्श घेणारे पुस्तक प्रसिद्ध केले.

विसाव्या शतकात निर्जंतुक पद्धती, सल्फा औषधे, पेनिसिलीन, रक्तपराधान व सुरक्षित भूल यांमुळे चित्र पालटले. १९३० नंतरच्या दशकांत पाश्चात्त्य देशांतील मातामृत्यू झपाट्याने घटले व प्रसूती घरातून रुग्णालयात गेली. ब्रिटनमध्ये सर्वच प्रसूतींसाठी रुग्णालयात सोय असावी, अशी शिफारस पील समितीने १९७० मध्ये केली. मात्र रुग्णालयाबरोबर तेथील नित्यक्रमही आला. उताणे निजविणे, बस्ती देणे, कळा वाढविणारी औषधे सरसकट देणे, मूलाधारास छेद देणे, बाळाच्या हृदयस्पंदांचा यंत्राने अखंड आलेख घेणे इ. गोष्टी निरोगी स्त्रियांच्याही वाट्यास येऊ लागल्या. या यांत्रिकतेची प्रतिक्रिया म्हणून १९७० नंतर अमेरिकेत प्रसूतिकेंद्रांची चळवळ उदयास आली. न्यूयॉर्क येथील मॅटर्निटी सेंटर असोसिएशन या संस्थेने १९७५ मध्ये असे केंद्र उघडले. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या सॉडर रुग्णालयात १९८९ मध्ये रुग्णालयांतर्गत प्रसूतिकेंद्र सुरू झाले. इंग्लंडमध्ये प्रसूतीच्या जागेविषयी स्त्रीला निवड करता यावी, असे प्रतिपादन करणारा शासकीय अहवाल १९९३ मध्ये आला आणि पुढील काळात प्रसाविकांनी चालविलेल्या केंद्रांची संख्या वाढत गेली.

रचना व साधने : केंद्रातील खोली शयनगृहासारखी असते. पलंग, बैठक, जमिनीवरील गादी, कोमट पाण्याचे मोठे कुंड व मंद प्रकाश यांची योजना केलेली असते. स्त्रीने हिंडावेफिरावे, हवे तसे बसावे व पती किंवा जवळच्या नातलग स्त्रीने तिच्याजवळ राहावे, अशी अपेक्षा असते. वेदनाशमनासाठी ऊब, मर्दन, कोमट पाणी व पुष्कळ ठिकाणी नायट्रस ऑक्साइड व ऑक्सिजन यांचे मिश्रण वापरतात. कण्याच्या पोकळीत औषध सोडून वेदना थांबविण्याची एपिड्यूरल पद्धती हवी असल्यास मुख्य कक्षात जावे लागते.

खोलीचे हे घरगुती रूप पाहून केंद्र निःशस्त्र आहे, असा समज होऊ शकतो. परंतु तो बरोबर नाही. रक्तस्राव रोखण्यासाठी ऑक्सिटोसिन व तत्सम औषधे, शिरेवाटे द्यावयाची द्रवे, गर्भाक्षेपकाच्या झटक्यांवरील मॅग्नेशियम सल्फेट, ऑक्सिजन आणि नवजाताच्या श्वासोच्छ्वासास साहाय्य करणारी पिशवी व मुखपट्ट ही साधने हाताशी ठेवलेली असतात. जन्मतः न रडणाऱ्या बाळास पहिल्या मिनिटाच्या आत श्वासोच्छ्वास देण्यास प्रारंभ व्हावा लागतो. त्यामुळे हे कौशल्य केंद्रातील प्रत्येक प्रसाविकेस अवगत असावे लागते.

स्त्रियांची निवड : केंद्राच्या सुरक्षिततेची पहिली अट योग्य निवड ही होय. सर्वसाधारणपणे गर्भ एकच व डोके खाली असलेला असावा, गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण झालेले व ४२ वा आठवडा पूर्ण न झालेला असावा आणि कळा आपोआप सुरू झालेल्या असाव्यात, असे निकष असतात. पूर्वीची सीझेरियन शस्त्रक्रिया, रक्तदाबवाढ, मधुमेह, हृद्‌रोग, तीव्र रक्तक्षय, गर्भावस्थेतील रक्तस्राव, खाली सरकलेली वार, पायाळू गर्भ, जुळे, गर्भाची खुंटलेली वाढ व मागील बाळंतपणातील गंभीर उपद्रव यांपैकी काहीही असल्यास प्रसूती मुख्य कक्षात करणे इष्ट ठरते.

ही निवड एकदाच करून भागत नाही. सातव्या महिन्यात निर्धोक वाटणाऱ्या स्त्रीचा रक्तदाब नवव्या महिन्यात वाढू शकतो. कळा सुरू झाल्यावर पाणमोट फुटून त्यात बाळाची विष्ठा मिसळलेली आढळू शकते. यास्तव प्रत्येक तपासणीत व केंद्रात दाखल होताना निकष पुन्हा ताडून पाहावे लागतात. ‘अल्पधोका’ याचा अर्थ धोका नाही, असा नव्हे; त्या क्षणापर्यंत धोक्याची खूण आढळलेली नाही, इतकाच त्याचा अर्थ आहे.

देखरेख : प्रसूतिकेंद्रात बाळाच्या हृदयस्पंदांचा अखंड आलेख घेण्याऐवजी ठराविक अंतराने स्पंद ऐकतात. त्यासाठी पिनार यांचा नळीसारखा श्रवणदर्शक किंवा हातात धरण्याजोगे श्राव्यातीत ध्वनियंत्र वापरतात. प्रसूतीच्या पहिल्या अवस्थेत दर पंधरा मिनिटांनी व दुसऱ्या अवस्थेत दर पाच मिनिटांनी, कळ ओसरताच किमान एक मिनिटभर स्पंद मोजावेत, असा दंडक आहे. अखंड आलेख व ठराविक अंतराने केलेले श्रवण यांची तुलना करणाऱ्या परीक्षणांत असे आढळले की, अखंड आलेखामुळे नवजातांतील झटक्यांचे प्रमाण निम्म्यावर येते. परंतु बालमृत्यू किंवा मेंदूजन्य पक्षाघात कमी झाल्याचे दिसत नाही आणि सीझेरियन शस्त्रक्रियांचे प्रमाण मात्र वाढते. निरोगी स्त्रीच्या बाबतीत ठराविक अंतराने ऐकणे हा म्हणून स्वीकारार्ह पर्याय मानला जातो. पण ही पद्धती पूर्णपणे माणसावर अवलंबून आहे. एका प्रसाविकेकडे एकाच वेळी तीनचार स्त्रिया असल्यास पाच मिनिटांचा दंडक पाळला जाणे अशक्य होते आणि पद्धतीचा आधारच नाहीसा होतो.

गर्भाशयग्रीवेचा विस्तार, बाळाच्या डोक्याचे खाली सरकणे, कळांची संख्या, मातेची नाडी व रक्तदाब यांची नोंद प्रसूतिलेखावर करतात. ऱ्होडेशियातील अनुभवावरून फिलपॉट व कॅसल यांनी १९७२ मध्ये या लेखावर इशारा देणारी रेषा व कृती सुचविणारी रेषा आखली. रेषा ओलांडली जाताच स्त्रीला वरच्या पातळीच्या रुग्णालयात हलवावे, हा त्यामागील हेतू होता. दूरवरच्या आरोग्यकेंद्रासाठी योजलेले हे साधन प्रसूतिकेंद्रासही तितकेच लागू पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याचे सुधारित रूप प्रसिद्ध केले.

स्थलांतर : केंद्रात दाखल झालेली प्रत्येक स्त्री तेथेच प्रसूत होते, असे नाही. प्रसूतीची मंद गती हे स्थलांतराचे सर्वांत सामान्य कारण आहे. त्याखालोखाल गर्भजलातील विष्ठा, हृदयस्पंदांतील बिघाड, एपिड्यूरलची इच्छा आणि प्रसूतीनंतर अडकलेली वार, रक्तस्राव किंवा मूलाधाराची खोल जखम ही कारणे येतात. स्थलांतर हे केंद्राचे अपयश मानणे चुकीचे आहे. तो त्याच्या कार्यपद्धतीचा भाग आहे. ज्या केंद्रात स्थलांतर कमीपणाचे समजले जाते ते केंद्र धोक्याचे होय.

रुग्णालयसंलग्न केंद्राचा मुख्य लाभ येथे दिसतो. स्वतंत्र केंद्रातून रुग्णवाहिका मागवावी लागते, तर संलग्न केंद्रातून स्त्रीला चाकांच्या खाटेवरून काही मिनिटांत शस्त्रक्रियागृहापर्यंत नेता येते. तथापि अंतर कमी असले म्हणजे विलंब टळतोच, असे नाही. बिघाड ओळखण्यास लागलेला वेळ, डॉक्टरांना बोलावण्यातील संकोच, मुख्य कक्षात जागा नसणे व दोन विभागांतील अविश्वास यांमुळे एका मजल्याचे अंतरही लांबू शकते.

सुरक्षितता मोजण्याची रीत : केंद्रात झालेल्या जन्मांचीच मोजदाद केल्यास चित्र फसवे दिसते. अवघड ठरलेल्या प्रसूती मुख्य कक्षात जातात आणि त्यांचे परिणाम तेथील खात्यात जमा होतात. यास्तव प्रसूती कोठे झाली यापेक्षा कळा सुरू होताना ती कोठे करण्याचे ठरले होते, त्यानुसार गणना करणे आवश्यक असते. दुसरी अडचण निवडीची आहे. केंद्रात जाणाऱ्या स्त्रिया बहुधा अधिक निरोगी, सुशिक्षित व सुस्थित असतात. त्यांची तुलना सर्व बाळंतिणींशी केल्यास केंद्राचे गुण वाढवून दिसतात. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे स्त्रियांचे दोन गट पाडून केलेल्या परीक्षणात हा दोष राहत नाही.

तिसरी अडचण घटनांच्या विरळपणाची आहे. निरोगी स्त्रीच्या बाळाचा प्रसूतिकाळात किंवा जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात मृत्यू होणे ही हजारात एखाददुसरी घटना असते. मृत्यूचे प्रमाण हजारी २ वरून ४ झाले, म्हणजे दुप्पट झाले, तरी ते खात्रीने ओळखण्यास दोन्ही गट मिळून वीस हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास करावा लागतो. त्यामुळे लहान परीक्षणातील ‘फरक आढळला नाही’ या निष्कर्षाचा अर्थ ‘फरक नाही’ असा करता येत नाही.

प्रमुख अभ्यास : स्टॉकहोम येथील केंद्रात अशा यादृच्छिक विभाजनाचे परीक्षण झाले. १९८९ पासून १,८६० स्त्रियांना केंद्र व नेहमीची व्यवस्था अशा दोन गटांत विभागले गेले. केंद्रातील गटात वेदनाशामक औषधे व कळा वाढविणारी औषधे कमी वापरली गेली आणि स्त्रिया अधिक समाधानी होत्या. परिजन्म मृत्यू मात्र केंद्राच्या गटात ८ व दुसऱ्या गटात २ झाले. येथे परिजन्म मृत्यू म्हणजे मृत जन्म व पहिल्या आठवड्यातील मृत्यू होत. इतक्या लहान संख्यांतील हा फरक योगायोगाचाही असू शकेल, असे संख्याशास्त्राचे उत्तर होते. तो दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. म्हणून पुढील सुमारे दहा वर्षांतील नोंदी तपासण्यात आल्या. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात केंद्रातील ३,२५६ गर्भावस्थांची तुलना स्टॉकहोम परिसरातील सव्वा लाखाहून अधिक जन्मांशी केली होती. एकूण मृत्युमानात निर्णायक फरक आढळला नाही. परंतु पहिलटकरणींच्या बाळांतील मृत्यूचा धोका केंद्राच्या गटात दुपटीहून थोडा अधिक दिसला. ज्यांची आधी बाळंतपणे झाली होती, त्यांच्या बाबतीत तो वाढलेला नव्हता.

निरनिराळ्या परीक्षणांचा एकत्रित विचार कॉक्रन संस्थेच्या समालोचनांत केलेला आहे. २००५ च्या समालोचनात घरगुती स्वरूपाच्या रुग्णालयीन कक्षांत परिजन्म मृत्यूचा कल वाढीकडे असल्याचे व तो संख्याशास्त्रीय निश्चितीच्या सीमेवर असल्याचे नमूद केले होते. २०१२ च्या समालोचनात १० परीक्षणांतील ११,७९५ स्त्रियांचा समावेश होता. त्यात नैसर्गिक प्रसूती व स्तनपान यांचे प्रमाण किंचित वाढलेले, तर एपिड्यूरल, कळा वाढविणारी औषधे, चिमटा किंवा निर्वात साधनाचा वापर व मूलाधारछेद यांचे प्रमाण घटलेले दिसले. माता व बालक यांच्या गंभीर विकारांत किंवा मृत्यूत फरक स्पष्ट झाला नाही.

अमेरिकेत ८४ स्वतंत्र केंद्रांतील ११,८१४ स्त्रियांचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. सीझेरियनचे प्रमाण शेकडा ४.४ होते, एकही माता दगावली नाही, प्रसूतिकाळातील व नवजात बालकांचे मृत्यू मिळून हजारी १.३ होते. रुग्णालयात शेकडा १५.८ स्त्रियांना हलवावे लागले. पहिलटकरणींत हे प्रमाण शेकडा २९ व इतरांत ७ होते. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्याची मर्यादा होय.

इंग्लंडमध्ये एप्रिल २००८ ते एप्रिल २०१० या काळात केलेली पाहणी विस्तृत असून तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. अल्पधोक्याच्या ६४,५३८ स्त्रियांची त्यांनी ठरविलेल्या जागेनुसार गणना करण्यात आली. त्यांपैकी १६,७१० स्त्रियांनी रुग्णालयसंलग्न केंद्राची निवड केलेली होती. मृत्यू विरळ असल्याने बाळाचा मृत्यू, ऑक्सिजनअभावी मेंदूस झालेली इजा, विष्ठामिश्रित गर्भजल फुप्फुसांत जाणे, बाहूच्या तंत्रिकांस इजा आणि दंड किंवा गळपट्टीचे हाड मोडणे या सर्वांची एकत्रित मोजणी केली गेली. अशा एकूण २५० घटना घडल्या. त्यांचे भारित प्रमाण हजारी ४.३ पडले. रुग्णालयातील मुख्य कक्ष व कोणत्याही प्रकारची प्रसूतिकेंद्रे यांत लक्षणीय फरक आढळला नाही. पहिलटकरणींत या घटनांचे प्रमाण मुख्य कक्षात हजारी ५.३, संलग्न केंद्रात ४.७, स्वतंत्र केंद्रात ४.५ व घरी ९.३ होते. म्हणजे पहिलटकरणीच्या बाबतीत घर व केंद्र यांत स्पष्ट अंतर पडले. आधी बाळंतपणे झालेल्या स्त्रियांत घरासह कोणत्याही जागेने धोका वाढल्याचे दिसले नाही.

मातेवरील हस्तक्षेपांत मोठी तफावत होती. प्रसूतिकाळातील सीझेरियन मुख्य कक्षाच्या गटात शेकडा ११.१ व संलग्न केंद्राच्या गटात ४.४ होते, एपिड्यूरल किंवा तत्सम वेदनाहरणाचे प्रमाण अनुक्रमे शेकडा ३०.७ व १५.३ होते. संलग्न केंद्रातून पहिलटकरणींपैकी शेकडा ४० व इतरांपैकी १३ स्त्रियांना मुख्य कक्षात हलवावे लागले. या पाहणीनंतर ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने २०१४ मध्ये अल्पधोक्याच्या स्त्रियांना प्रसाविकांनी चालविलेली केंद्रे विशेष योग्य असल्याचे कळविण्यात यावे, अशी शिफारस केली.

निष्कर्षांचा अर्थ : स्टॉकहोम व इंग्लंड येथील निष्कर्ष वरवर परस्परविरोधी वाटतात. दोन्हींत काळाचे व व्यवस्थेचे अंतर आहे. मात्र एका बाबतीत ते एकमेकांस पूरक ठरतात : पहिले बाळंतपण हीच या व्यवस्थेची कसोटी होय. पहिलटकरणीची प्रसूती लांबते, तिच्या श्रोणीची परीक्षा पूर्वी झालेली नसते व हलविण्याची वेळ तिच्यावर अधिक वेळा येते. स्थलांतर जेथे सुरळीत होते तेथे हा वाढीव धोका भरून निघतो व जेथे होत नाही तेथे तो बाळावर येतो. खोलीतील पडदे व पाण्याचे कुंड यांनी सुरक्षितता ठरत नाही. योग्य निवड, सतत जवळ असलेली प्रशिक्षित व्यक्ती आणि वेळेवर मिळणारी शस्त्रक्रिया या तीन गोष्टींवर ती अवलंबून असते.

नैसर्गिक प्रसूतीचा आग्रह टोकाला गेल्यास काय होते, हे इंग्लंडमधील मोरकॅम बे चौकशीत उघड झाले. ही चौकशी प्रसूतिकेंद्राविषयी नसून एका रुग्णालयाच्या प्रसूतिविभागाविषयी होती. २०१५ च्या अहवालात टाळता येण्याजोगे ११ बालकांचे व एका मातेचे मृत्यू नमूद करून काही प्रसाविकांचा कोणत्याही परिस्थितीत नैसर्गिक प्रसूतीच साधण्याचा अट्टाहास व डॉक्टरांशी बिघडलेले संबंध यांवर ठपका ठेवण्यात आला. याउलट अनावश्यक शस्त्रक्रियाही निरुपद्रवी नसते. सीझेरियननंतरच्या गर्भावस्थांत वार व्रणावर रुजणे व गर्भाशय फाटणे यांचा धोका वाढतो आणि त्याचे मोल पुढच्या बाळंतपणात द्यावे लागते.

भारतातील स्थिती : भारतात प्रश्न वेगळ्या क्रमाने उभा राहिला. येथे प्रथम स्त्रीला रुग्णालयापर्यंत आणणे हेच उद्दिष्ट होते. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना सुरू झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार संस्थेत होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २००५–०६ मध्ये शेकडा ३८.७ होते, ते २०१९–२१ मध्ये ८८.६ झाले. महाराष्ट्रात ते याच काळात शेकडा ९४.७ पर्यंत पोहोचले. मातामृत्यूंत या अवधीत मोठी घट झाली. तथापि संस्थेचे दार ओलांडणे म्हणजे सुरक्षित होणे नव्हे, हेही दिसून आले. उत्तर प्रदेशातील १२० आरोग्यकेंद्रांत प्रसूतीच्या आवश्यक कृतींची यादी व तिच्या वापराचे मार्गदर्शन देऊन दीड लाखाहून अधिक प्रसूतींचे परीक्षण करण्यात आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या परीक्षणात कर्मचाऱ्यांच्या कामात सुधारणा झाली, परंतु माता व बालक यांचे मृत्यू आणि मातेचे गंभीर विकार यांचे एकत्रित प्रमाण दोन्ही गटांत शेकडा १५ च्या आसपासच राहिले.

दुसरीकडे शस्त्रक्रियांचा अतिरेकही आढळतो. २०१९–२१ च्या पाहणीत देशातील सीझेरियनचे प्रमाण शेकडा २१.५, तर खाजगी रुग्णालयांत ४७.४ होते. काही स्त्रियांना आवश्यक असूनही शस्त्रक्रिया मिळत नाही व काहींना नको असताना ती होते, असा दुहेरी पेच त्यामुळे निर्माण झाला आहे. हैदराबाद येथील फर्नांडिस रुग्णालयाने २०११ पासून व्यावसायिक प्रसाविका घडविण्याचा अभ्यासक्रम चालविला. केंद्र शासनाने २०१८ मध्ये प्रसाविका-सेवेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. परिचारिकांना विशेष शिक्षण देऊन अधिक प्रसूती होणाऱ्या शासकीय रुग्णालयांत त्यांच्यामार्फत चालविले जाणारे कक्ष स्थापावेत, अशी योजना त्यांत आहे. हे कक्ष रुग्णालयसंलग्न प्रसूतिकेंद्राचेच भारतीय रूप होय.

परदेशी आकडे येथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. २०१९–२१ च्या पाहणीत गर्भवतींपैकी शेकडा ५२.२ स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. रक्तक्षयी स्त्रीस इतरांना सहज सोसणारा रक्तस्रावही प्राणघातक ठरू शकतो. त्यामुळे ‘अल्पधोक्याची’ स्त्री ठरविण्याचे निकष अधिक काटेकोर असावे लागतात. महाराष्ट्रात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची रूढी सर्वत्र आहे. तिच्यामुळे पहिलटकरणीची गर्भावस्थेतील तपासणी सासरच्या गावी व प्रसूती माहेरच्या गावी होते. जिच्या बाबतीत सातत्याची सर्वाधिक गरज असते, तिच्याच नोंदी दोन ठिकाणी विभागल्या जातात. तपासणीचे कागद बरोबर नेणे व शक्य तो सातव्या महिन्यातच माहेरच्या रुग्णालयात नाव नोंदविणे हा त्यावर साधा उपाय आहे. आदिवासी भागांत अंतराची अडचण अधिक बिकट असते. तेथे प्रसूतीची तारीख जवळ आल्यावर स्त्रीने आरोग्यकेंद्राच्या आवारातच येऊन राहावे, यासाठी शासनाने माहेरघर योजना राबविली. स्त्रीला वेळेत साहाय्याच्या जवळ आणणे, हे तिचे व प्रसूतिकेंद्राचे समान सूत्र आहे.

प्रसूतिकेंद्राची निवड करताना कुटुंबाने पुढील गोष्टींची चौकशी करणे हितावह ठरते : शस्त्रक्रियागृह व रक्तपेढी किती अंतरावर आहेत, रात्री भूलतज्ञ व प्रसूतिवैद्य उपलब्ध असतात काय, कळा देत असलेल्या एका स्त्रीसाठी एक प्रसाविका पूर्ण वेळ असते काय, नवजातास श्वासोच्छ्वास देण्याचे शिक्षण सर्वांना आहे काय, आणि गेल्या वर्षी किती स्त्रियांना मुख्य कक्षात हलविले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘एकीलाही नाही’ असे मिळाल्यास ते केंद्राच्या कौशल्याचे गमक समजू नये; तेथील नोंदी किंवा निर्णय यांविषयी अधिक विचारणा करणे इष्ट असते.

[⟶ कुटुंबकल्याण, गर्भारपणा, नवजात अर्भक, परिचर्या, प्रसूतिविज्ञान, सूतिकाज्वर].